सात नंबरचं रक्त

विबेके मोल्गोर ओडेन्से शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रक्त तपासत आली. कर्करोग झालेल्यांच्या रक्तात गाठीतल्या प्रथिनांविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं सापडतात. ती वेळेवर हेरली तर गाठ दिसण्याआधीच तिचा सुगावा लागेल, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप. प्रत्येकाचं रक्त चाचणीच्या एकेका इवल्या वाटीत घालायचं; वाटीतलं पाणी पिवळं झालं की प्रतिपिंडं आहेत. विबेकेच्या मोजणीवर कोणी शंका घेत नसे. घेतली तर तीच घ्यायची.

तुलनेला निरोगी रक्त लागतं. त्यासाठी बाहेर कोण वणवण करणार? दर शुक्रवारी आम्ही सगळे मिळून केक खातो, त्या वेळी बाह्या सरसावायच्या, एकेक नळी भरून द्यायची, की झालो आम्ही निरोगी. निरोगी कशावरून, हे कोणी कधी विचारलं नाही.

एका खेपेला निरोगींच्या रांगेतली सात नंबरची वाटी रुग्णांच्या वाट्यांइतकीच पिवळी झाली. विबेकेला वाटलं, आपलाच हात चुकला. तिने तीनदा नव्याने तपासलं. तिन्ही वेळा तेच. मग केकच्या टेबलापाशीच तिने आमच्या प्रोफेसरला, आस्गरला, गाठलं. मी शेजारीच होते.

"निरोगी लोकांतही निघतं कधीतरी," तो म्हणाला. "आलेख बिघडतोय. काढून टाक."

"आस्गर, सात नंबर मी आहे."

"मग तर काळजीच मिटली. चांगली ठणठणीत दिसतेस की."

वर हसलाही. मला शिसारी आली, पण तोंडात केक होता आणि मी तो चघळत राहिले. विबेकेने स्वतःच्या हाताने तक्त्यातली सात नंबरची ओळ काढली. डॉक्टरला दाखवू का, असं तिने मला नंतर विचारलं. आस्गरला कळत नसेल का, असं मी म्हणाले.

दोन वर्षांनी तिच्या अंडाशयात गाठ निघाली. तोवर ती सगळ्या पोटात पसरली होती.

गेल्या मंगळवारी आस्गरने मला बोलावलं. विबेकेला भेटायला जाणारच आहेस तर एक नळी रक्त आण, म्हणाला. तिचं जुनं रक्त फ्रीजरमध्ये आहेच. आजार कळण्याआधीचं आणि नंतरचं, असा जोड सहसा मिळत नाही. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. थुंकावंसं वाटलं.

तरी गेले. विबेकेने काही न विचारता बाही वर केली. मला शीर सापडेना, तेव्हा तिनेच बोट ठेवून दाखवली.

"कोणत्या रांगेत लावणार मला?"

"रुग्णांच्या."

"तेव्हाही मी त्याच रांगेतली होते," ती म्हणाली.

मी नळीवर नंबर घातला आणि वेळेत पोचवली. तेव्हापासून मला आस्गरपेक्षा माझीच जास्त किळस येते.