नर पाहिजे होता, निघाल्या माश्या

निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते आणि मला एक नर पाहिजे होता. हसू नका, पतंगाचा नर. बीडच्या कॉलेजात मी पंचवीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं लोक मला पाठीमागे 'अळीवाल्या मॅडम' म्हणायचे, पुढं तोंडावर म्हणायला लागले. आदल्या वर्षी कपिलधारच्या डोंगरात बोरीच्या गुंडाळलेल्या पानात एक अळी सापडली होती. घरी वाढवली तर तिचा राखाडी, नखाएवढा पतंग झाला. पंखावर विटकरी पट्टा. असला पतंग कुठल्याच पुस्तकात नव्हता. डबीत घालून तो पुण्याच्या एका तज्ज्ञांना पाठवला. ते म्हणाले, "नवीन जात वाटते. पण ही मादी आहे. नर आणा, मग बोलू."

पतंगांची गंमत अशी, की सारखे दिसणारे दोघे वेगळ्या जातीचे आहेत हे नराचं पोट उघडून, त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कुणी मानत नाही. त्यांचं आधार कार्ड देवानं तिथं ठेवलंय, त्याला मी काय करू? तज्ज्ञांचा दर आठवड्याला फोन यायचा आणि त्यांचा आवाज असा, की अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जावा. "काय मॅडम, मिळाला का नर?" मी लग्न केलं नाही. पण लग्नाच्या वयातसुद्धा हा प्रश्न एवढ्या आस्थेनं मला कुणी विचारला नव्हता.

या अळ्या पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच दिसायच्या. दिवाळीला मी घरी बसणार आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्यानंतरच्या सरांकडे जाणार. ते सूक्ष्मदर्शकाचा उपयोग हजेरीचे कागद उडू नयेत म्हणून करायचे. म्हणजे नर मिळाला तर याच मोसमात, नाहीतर माझा पतंग डबीतच राहणार. पंचवीस वर्षांत अळीवाल्या मॅडमनी काय केलं, तर अळ्या पाळल्या, एवढंच शिल्लक राहणार. हे मला लई लागलं होतं, खोटं कशाला सांगू?

रोज सकाळी स्कूटी घेऊन कपिलधारच्या रस्त्याला लागायचं, बोरीचे काटे खायचे, अळ्या बरण्यांत भरायच्या. पंधरा दिवसांनी पहिला कोष फुटला आणि आतून निघाली एक काळी, बारीक गांधीलमाशी. कंबर माझ्यापेक्षा कितीतरी बरी. दुसऱ्यातून तीच, तिसऱ्यातूनही तीच. ही बया अळीच्या अंगात अंडं घालते. पिल्लू अळीला आतून खात राहतं, पण जिवाला लागणारा भाग शेवटपर्यंत शिल्लक ठेवतं, म्हणजे जेवण ताजं राहतं. वर्गात हे मी फार रंगवून सांगायची. माझ्याच बरण्यांत घडायला लागल्यावर मात्र "मुडदा बशिवला तुमचा" म्हणून मी असा आवाज काढला, की शिपाई धावत आला.

तज्ज्ञांना सांगितलं तर ते उलट हरखले. "अहो, ही माशीपण कुठं नोंदलेली दिसत नाही! जपून ठेवा!" घ्या. नवीन जात शोधायला गेले, तर तिला खाणारी नवीन जात पदरात पडली. आणि तिचंही गाडं तिथंच अडलं. ही माशी कुणाला खाते, तर बिननावाच्या अळीला! आधी नर पाहिजेच.

बोरींपाशी एक मावशी शेरडं-मेंढरं घेऊन रोज असायच्या. लांब बांबूच्या आकडीनं फांदी खाली ओढून शेरडांना पाला द्यायच्या आणि माझ्याकडं बघत तंबाखू मळायच्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"बाई, काय येचतीस रोज?"

"अळ्या."

"कावून? फवारा मार की."

मी आधीच तापलेली होते. त्यांना सगळं रामायण ऐकवलं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दाव बरं, कशी धरतीस."

पानावर एक गुबगुबीत अळी उघड्यावरच बसली होती. मी ती चिमटीत उचलली.

"आगं बया, ही तर दुखणाईत हाय," मावशी म्हणाल्या. "जे मेंढरू पटकन हाताला लागतं ना, ते आजारी असतंय. धडकं मेंढरू धरू देतंय व्हय? तू पंधरा दिस झालं, नुसती दुखणाईतच गोळा करायलीस."

माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. माशीनं अंडं घातलेली अळी सुस्तावते, हे मी दरवर्षी शिकवलं, परीक्षेत पाच मार्कांना विचारलं. आणि स्वतः मात्र गुडघे दुखतात म्हणून जी हाताला येईल ती उचलत होते आणि वहीत ऐटीत 'नमुना संकलन' लिहीत होते.

मावशींनी खांद्यावरचं घोंगडं बोरीखाली अंथरलं, आकडी शेंड्याच्या फांदीत अडकवली आणि असा हिसका दिला, की धडक्या अळ्या वळवळत, धाग्याला लटकत पटापट घोंगड्यावर उतरल्या. मी उचलायला वाकते तोवर शेरडं पाल्यावर तुटून पडली. एका शेळीनं माझ्यादेखत एक नवीन जात पानासकट चावून गिळली. तरी अकरा अळ्या हाती लागल्या.

काही बुरशीनं गेल्या, काही कोषातच वाळल्या. दिवाळीच्या आठवडाभर आधी एक कोष फुटला. विटकरी पट्टा, आणि पोटाच्या टोकाला केसांचा झुपका. नर! मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. मावशींनी बजावलंच होतं, "झालं की मला सांग." लगेच निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या, धुवट लुगडं नेसून. बरणीला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"किती देखणा हाय गं! उडीव की आता."

मी औषधाचा बोळा ठेवलेली मारायची बाटली पुढं ओढली. त्यांना कळायला एक क्षण लागला.

"मारायलीस? एवढं जपलं ते मारायला?"

मी चिडले. "तुम्ही बोकडं विकता ती काय लग्नाला पाठवता?"

"बोकड खातेत, बाई. ह्याला कोण खानार?"

पोट उघडल्याशिवाय नवीन आहे हे सिद्ध होत नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग तुझ्यापरीस ती माशी बरी. ती लेकरासाठी मारती."

नराला बाटलीत सोडून मी झाकण लावलं. तो दोनदा फडफडला आणि काचेला टेकून बसला. मावशींनी नजर हटवली नाही. पूर्ण थांबल्यावर म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या पाणीसुद्धा न घेता गेल्या.

पतंग नवीन ठरला. माशीही. मी घरी बसल्यावर काही महिन्यांनी दोन्हींचा लेख छापून आला, मला बोलावून स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, आणि ज्यांनी अळीवाल्या मॅडम म्हणून जन्मभर टिंगल केली त्यांनीच माझ्या गळ्यात हार घातला. मला आनंद झाला, भरपूर झाला. तो लेख घेऊन मी कपिलधारला गेले. पहिल्याच पानावर पंख पसरून टाचलेल्या नराचा मोठा रंगीत फोटो होता. मावशींनी कागद उन्हाला धरून निरखला.

"ह्योच का त्यो?"

"हो."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"जित्ता लई चांगला दिसत हुता," त्या म्हणाल्या.