ऊ म्हणताना ओठ गोल होतात

लांजेवार सरांना आमच्या गावाने आज दुसऱ्यांदा जाळलं.

पहिल्यांदा जाळलं तेव्हा मी आठवीत होते. तेव्हा काडी लावणाऱ्यांत मीही होते.

आत्ताच घाटावरून आले. आंघोळ केली आणि सरळ फोन हातात घेतला. राग उतरायच्या आत लिहायचंय.

जे आमच्या सानगडीचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. पण खरं शिकवायचे ते धान कापून झालं की, रविवारी सकाळी, त्यांच्या रिकाम्या बांधीत. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, आणि मध्ये धानाचा तुकडा, ती बांधी. सरांची एक बांधी वर रुंद आणि खाली चिंचोळी होती.

"हे तुमचं तोंड," सर म्हणायचे.

डावा धुरा दातांकडचा, उजवा घशाकडचा. वर टाळू, खाली जबडा. जीभ जिथे उचलली जाते तिथे आम्ही उभं राहायचं.

'शीप'मधली ई वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथून धुऱ्याधुऱ्याने खाली यायचं, पावलागणिक जबडा उघडत, थेट 'कॅट'पर्यंत. वरच्या उजव्या कोपऱ्यात 'मून'मधला ऊ, तिथे ओठ गोल. आणि 'बॉय' म्हणायचं असेल तर एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे चालत जायचं, आवाज न तोडता. आम्ही धसकटं तुडवत, ओरडत फिरायचो.

"स्वरांची अक्षरं पाच आन् आवाज वीस. पुस्तकाच्या भरोशावर कसं भागन पोरीहो? तोंड उघडा!"

आम्ही पोरी तोंडावर हात ठेवायचो. तसंच शिकवलं होतं घरी. हसायचं तरी हाताआड.

"हात खाली घे ना वो. तोंड काहून झाकून राहिली? हवा कोठीच अडली नाही पायजे, तवाच तो स्वर. तू तं दारच लावून बसली."

मला ते बांधीच्या मधोमध उभं करायचे. 'अबाउट'मधला पहिला अ. तिथे जिभेने काहीच करायचं नाही, ओठांनीही नाही.

मी रुसले होते. "सर, मले कोपरा काहून नाही?"

"अवो, सबन इंग्रजीत हाच सगळ्यात जास्त राबते. आन् याच्या नावाचं एक अक्षर नाही. ध्यानात ठेव याले."

ठेवलं.

मग तक्रार झाली. गावातल्या एका मोठ्या माणसाने शाळेत लेखी दिलं, की हा मास्तर वयात आलेल्या पोरींना शेतात नेऊन ओठांचे चंबू करायला लावतो.

ओठांचे चंबू!

सर म्हणजे पन्नाशीचा माणूस. दोन पोरींचा बाप. सरांची बायको तिथेच धुऱ्यावर बसून आम्हाला लाखोळीच्या शेंगा सोलून द्यायची. पण ऊ गोल ओठांशिवाय म्हणताच येत नाही, हे त्या लेखी देणाऱ्याला कोण सांगणार? त्याच्या डोक्यातली घाण त्याला आमच्या ओठांवर दिसली.

हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर चार पुरुष. कोपऱ्यात सर उभे.

"सर काय शिकवते, करून दाखव."

मला सगळं येत होतं. वीसच्या वीस आवाज येत होते. एक ऊ म्हटला असता, "मून, बूट, यात ओठ गोल होतात" एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मी तोंडावर हात ठेवला आणि खाली बघत राहिले.

"पाहा, पोरगी लाजून राहिली," तो मोठा माणूस म्हणाला. झाला पुरावा.

सरांकडची इंग्रजी काढली, पी.टी. दिली. इतका गोड आवाज असलेला माणूस, रिटायर होईपर्यंत शिट्टी फुंकत राहिला. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मी स्वतः भंडाऱ्याला इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, सर भेटले. थकले होते. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "पोरीयले हात खाली घ्यायले सांगतेस ना?"

"हो सर," मी म्हणाले.

खोटं बोलले. मी ग्रामर शिकवते, स्पेलिंग शिकवते. तोंडाचं काही शिकवत नाही. पालक काय म्हणतील, याची भीती वाटते.

आज चौकात फ्लेक्स लागलाय. 'इंग्रजीचे जादूगार'. खाली शोकाकुल म्हणून पहिलं नाव कुणाचं? त्याच मोठ्या माणसाचं.

आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत. मी गेले. चितेला अग्नी दिल्यावर शोकसभा झाली आणि हा माणूस माइकवर सांगू लागला, "सरांनी आमच्या लेकींना इंग्रजी बोलतं केलं."

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमचं काय काम?" मी माइक घेतला.

सगळं सांगितलं. बांधी, तक्रार, ऑफिस, माझा हात. नाव घेतलं नाही, गरज नव्हती. मग सगळ्या गावासमोर, त्याच्याकडे बघत, ओठ गोल करून ऊ म्हटला. मोठ्याने. छातीत हवा होती तोवर.

त्याने मान खाली घातली.

मला त्याने काही बरं वाटलं नाही. ज्याने ऐकायला हवं होतं तो माणूस तिथे जळत होता. हा ऊ मी तीस वर्षं उशिरा म्हटला.

या रविवारी माझ्या शाळेच्या ग्राउंडवर चुन्याने बांधी आखणार आहे. वर रुंद, खाली चिंचोळी. ज्या पालकांना तक्रार करायची त्यांनी माझ्या नावाने करावी. मधोमध कोण उभं राहील तेही ठरवलंय, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी पोरगी.

सर, तुम्हाला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. फक्त एवढंच कळवते.

हात खाली घेतला.