डांगरीची वाकळ

मी बहारीनला निघाले त्या दिवशी आई माझ्यासोबत फाट्यावर यष्टीची वाट बघत उभी होती, डोक्यावर वाकळ घेऊन. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली जाड गोधडी. शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी सांगून ठेवते. मी म्हटलं, "आये, तिकडं वाळवंट हाय. वाकळ काय करू?"

"थंडी तुला इचारून येणार हाय का? घे गुमान."

बास, तेवढंच. डोळ्यांत टिपूस नाही. यष्टी हलली तशी पाठ फिरवून माळाकडं चालायला लागली. शेळ्या मोकळ्या आहेत, म्हणाली. मी मात्र तालुका येईपर्यंत रडले.

आमचा माळ म्हणजे कमरेएवढं गवत आणि त्याखाली दगड. सरकारी गायरान, वडील कसत होते. वडील गेले तेव्हा आई पंचविशीची असेल, पदरात अण्णा आणि मी. मामा तिला न्यायला बैलगाडी घेऊन आला. आई म्हणाली, "गाडी आणलीच हायस तर जरा दगडं भर." बिचारा मामा दोन दिवस दगड वाहून रिकामी गाडी घेऊन परत गेला. त्या दगडांचा बांध झाला! गायरान रिकामं दिसलं की गावातली गुरं घुसणार, मग ते आपलं राहायचं नाही, हे तिला पक्कं माहीत. म्हणून आपणहून माळ सोडून ती एक रात्र कुठं राहिली नाही. माझ्या लग्नालासुद्धा गावात आली आणि अक्षता पडल्या तशी माघारी गेली.

तर बहारीन. मनामा शहरातल्या जुन्या बाजारामागं आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेर भट्टी, पण आत एसी असा की दात वाजावेत. आणि एसी दुरुस्त करणारा माझाच नवरा, तक्रार कुणाकडं करू? पहिल्याच आठवड्यात वाकळ बाहेर काढली. ह्यांच्या कंपनीच्या कॅम्पात राहणारी कामगार पोरं जेवायला यायची, ती वाकळीवरनं हात फिरवत बसायची. एक जण म्हणाला, "काकू, आम्हाला पण एक." लुगडी कुठनं आणू? मग ह्यांच्या फाटक्या डांगऱ्या घेतल्या, कामावरचे ते निळे जाड कपडे. धुतल्या, उसवल्या आणि शिवायला बसले.

आईची एक रीत होती. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा घास ठेवायचा. "हिला उपाशी ठिवली तर ही आपल्याला काय ऊब देणार?" म्हणायची. तिकडं ज्वारीचं पीठ मिळेना, मग मी खुबूसचा तुकडा घातला, कोपऱ्यावरच्या भट्टीतल्या रोटीचा. माझी लेक पोट धरून हसली. "मम्मी, ब्लँकेट इज नॉट हंग्री!"

अशा बऱ्याच वाकळी झाल्या. मग एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यातनं अण्णाचा फोन. आई बांधावरनं पडली, मांडीचं हाड मोडलं, सळई घातली. "शांता, मी तिला पुण्याला नेतोय. माळ आता खलास समज." मागनं आईचा आवाज, "दे हिकडं त्यो फोन."

"शांते, ह्यो मला चौथ्या मजल्यावर ठिवणार म्हणं. तिथनं मी कुणाची गुरं हाकू? माझं ऐकंना, तुझं ऐकंल. सांग त्याला."

अण्णानं फोन परत घेतला. "पुन्हा पडली तर उचलायला कोण? तू येणार हायस बहारीनवरनं?"

खोटं काय होतं त्यात? पुण्याला ने म्हणावं तर आई तिथल्या खिडकीत वाळून जाणार. नको म्हणावं, आणि माळावर एकटीच पडून राहिली तर? मला मामाची रिकामी गाडी दिसायला लागली.

म्हटलं, "अण्णा, तिला माळावरच ने. उचलायला मी येते."

ह्यांना लीव्ह मिळाली नाही. त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी लागली तशी पोरांना घेऊन मी गेले, सामानात एक डांगरीची वाकळ. आईनं ती बोटांनी चाचपली, थेट कोपऱ्याशी गेली.

"काय घातलंस हिच्यात?"

"खुबूस. तिकडची भाकरी."

"तुमी खाता न्हवं?"

"रोज."

"मग चालंल."

सकाळ-संध्याकाळ मी तिला धरून चालवायची. "यल्ला, आये, यल्ला!" असं तिकडच्या बोलीत 'चल, चल' म्हटलं की तिचं सुरू, "मला बैल समजतीस व्हय गं?" पण सुट्टी संपायच्या आत काठी टेकत बांधापर्यंत गेली आणि तिथनं गावच्या गुरांना अशी शिवी हासडली की माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. गेली तीही माळावरच, डांगरीची वाकळ पांघरून. मला वेळेत पोचता आलं नाही, पण ज्या जागेसाठी मी अण्णाशी भांडले होते तिथनं ती हलली नाही, एवढं समाधान. आणि गंमत बघा, आता माळावर अण्णा राहतो. रिटायर झाला आणि पुणं सोडून आला. फोन केला की म्हणतो, "थांब, गुरं घुसली."

परवा लेक कॅनडाला निघाली. मी विमानतळावर तिच्या हातात वाकळ दिली. म्हणाली, "मम्मी, देअर इज हीटिंग!" तरी तिनं कोपरा चाचपला आणि हळूच विचारलं, "व्हॉट डिड यू फीड इट?"

"चपाती. तुझ्याच डब्यातली."

ती आत निघाली तशी "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणत मी पाठ फिरवून चालायला लागले. घरी गॅसवर काही नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, फाट्यावरच्या त्या दिवशी आईच्या शेळ्या बांधलेल्याच असणार.