चाळीसच्या खाली

स्तामेंका मला पहिल्यांदा दिसली नाही, ऐकू आली. मधल्या सुट्टीत मी नकाशांच्या खोलीकडे चालले होते आणि बंद दारामागून धप धप असा आवाज येत होता. कोणीतरी पोराला बडवते आहे अशी माझी खात्री झाली. दार ढकलले, तर कसरतीच्या गाद्यांच्या ढिगावर एक बाई बसलेली. तिच्या मांडीवर सातेक वर्षांची मुलगी पालथी, डोके खाली लोंबणारे, आणि बाई तिच्या पाठीवर हात मारते आहे. मुलगी रडत नव्हती. पडल्या पडल्या पाढे म्हणत होती.

"दार लावा बाई, गार वारा येतोय," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "आणि पोलिसांना बोलवायचं असेल तर जरा थांबा. डावी बाजू राहिलीय."

मुलीचे नाव याग्लिका. सिस्टिक फायब्रोसिस हे तिच्या आजाराचे नाव आमच्या गल्लीत कोणाच्या जिभेवर बसले नाही. आम्ही त्याला खारट आजारच म्हणायचो. अशा मुलांचा घाम मिठासारखा खारट असतो. स्तामेंकाला ते डॉक्टरांच्या आधी कळले होते, तान्ह्या मुलीच्या कपाळाचा पापा घेताना. छातीत डिंकासारखा कफ साठतो आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ ठोकून सुटा करावा लागतो. ओंजळीने पाणी पिताना करतो तसा तळहात खोलगट करायचा. "सपाट हात पडला तर ती मारहाण," स्तामेंका मला शिकवताना म्हणाली, "खोलगट पडला तर औषध. तुमचा हात सपाट पडतोय बाई. मास्तरकीची सवय."

तिचा नवरा बांधकामावर स्लोव्हेनियाला गेला. आधी पैसे यायचे, मग नुसती नववर्षाची कार्डे, मग तीही थांबली. ती त्याच्याविषयी वाईट बोलत नसे, बोलतच नसे. कापड गिरणी बंद पडल्यावर तिने घरी पडदे शिवायला घेतले, कारण ठोकण्याच्या वेळा सांभाळणारी दुसरी नोकरी वलासिना नदीच्या काठी आमच्या गावात नव्हती. जीभ तिखट होती, पण लोकांना ती हवीशी वाटे. सप्टेंबरात आमच्याकडे घरोघरी अंगणात शेगड्या लागतात, वर्षभराच्या आयवारासाठी, म्हणजे मिरच्यांच्या चटणीसाठी, पोत्यांनी लाल मिरच्या भाजल्या जातात आणि आठवडाभर गल्लीत धूर कोंडतो. याग्लिकाच्या छातीसाठी आमच्या गल्लीने शेगड्या नदीकाठच्या मैदानात नेल्या. ठराव वगैरे काही झाला नाही. शेजारचा तोझा एके वर्षी शेगडी उचलून चालू लागला, बाकीचे कुरकुरत त्याच्यामागे गेले.

अशी ती मुलगी वीस वर्षांची झाली. डॉक्टरांनी बाराचीही आशा दिली नव्हती.

त्या सुमारास या आजारावरची गोळी आली. पश्चिमेकडच्या देशांत ती कधीचीच होती. ही गोळी सर्वांना लागू पडत नाही; जनुकात एका ठरावीक प्रकारचा बिघाड असेल तरच पडते. याग्लिकाच्या रक्ताचा अहवाल आला आणि तिचा बिघाड नेमका तोच निघाला. किल्ली तिच्याच कुलपाची होती. फक्त किल्लीची किंमत काय, हे कोणी सांगेना. कंपनी आणि सरकार यांच्यात तसा करार होता म्हणे.

"लढाऊ विमानाची किंमत पेपरात छापून येते," तोझा म्हणाला, "आणि गोळीची गुपित. उद्या शत्रूला खोकला झाला तर काय घ्या."

राजधानीतल्या रुग्णालयातून फोन आला: यंदा मोजक्याच रुग्णांना गोळी मिळेल, नळीत फुंकर मारायची तपासणी होईल, आणि फुंकरीच्या आकड्यावरून यादी लागेल. एवढेच सांगितले. आमच्याकडे सगळे यादीनेच मिळते. माध्यमिक शाळेतला प्रवेश, वसतिगृहातली खाट, शिष्यवृत्ती. ज्याचे गुण जास्त तो वर, हे आम्हाला पाळण्यातच कळते. तेव्हा आकडा जितका मोठा तितका नंबर वर, असे स्तामेंकाने धरले, मी धरले, सगळ्या गल्लीने धरले. शंका कोणाच्या मनात आलीच नाही.

मग परीक्षेची तयारी सुरू झाली. महिनाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ ठोकणे. तोझाने दर रविवारी मैदानात तिला चालायला नेले. जायच्या दिवशी स्तामेंकाने याग्लिकाला इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला, डॉक्टरीणबाईंसाठी चीज आणि घरच्या रकिया दारूची बाटली घेतली, आणि रुग्णालयाच्या जिन्याखाली, लोक बघत असताना, मुलीला ओणवी करून पाठ शेवटची एकदा ठोकून काढली.

याग्लिका त्रेचाळीस फुंकली. निरोगी माणसाचे शंभर धरले तर तिचे त्रेचाळीस. वर्षभरात इतका आकडा आला नव्हता.

"त्रेचाळीस!" स्तामेंका म्हणाली. "वर्षभर चाळीस-एकेचाळीस होती हो."

डॉक्टरीणबाई खुर्चीतच बसून राहिल्या. चांगली बाई होती; स्तामेंकाने तिला कधी दोष दिला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" त्या म्हणाल्या. "चाळीसच्या खालच्यांनाच मिळणार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तिला फार चांगलं सांभाळलंत."

हे वाक्य स्तामेंकाने मला तीन-चारदा ऐकवले. दर वेळी त्याच स्वरात, कौतुक ऐकवावे तसे.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती. निरोप घेताना डॉक्टरीणबाईंनी दार लोटले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी काही सुचवत नाही. पण काही घरांत मधे काही आठवडे ठोकायचं राहून जातं. आकडा खाली येतो."

त्या आठवड्यात टीव्हीवर, गोळी कोणाला द्यायची ते ठरवणाऱ्या आयोगाचे एक गृहस्थ आले. छान टाय होता. साधने मर्यादित असली की ती जिथे नुकसान सर्वांत जास्त तिथे वापरावीत, कारण तिथे प्रत्येक दिनारामागे सर्वाधिक फायदा दिसतो, असे ते म्हणाले. मी गणित शिकवलेली बाई आहे. त्यांचा हिशेब मला कळला. त्यात चूक नव्हती. म्हणूनच मला किळस आली. मुलीला रोज थोडी थोडी जगवणाऱ्या हातांसाठी त्या हिशेबात रकाना नव्हता. हात थांबवले तर मात्र लगेच होता.

नदीकाठी मिरच्या भाजताना हाच विषय. तोझा म्हणाला, "आण तिला माझ्या शेगडीपाशी. एक दुपार धूर घेतला की पस्तीसवर येते बघ." आणि चिमट्याने उगाच मिरच्या उलटू लागला. स्तामेंका मात्र हसली. "तुझ्या मिरच्या करपतात तोझा. मेलीच तर गोळी कोणाला देतील?"

निर्णय याग्लिकाने घेतला. "आई, तू हात लावायचा नाहीस. तपासणी होईपर्यंत."

"वीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही मी."

"तेच तर. तू घरात असलीस की तुला राहवणार नाही. मी बाईंकडे जाते."

तशी तपासणीला काही आठवडे उरले तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली, दोन घरे सोडून. टेबलाशी बसून माझ्या जुन्या शब्दकोड्यांची पुस्तके सोडवत असे. पहिला आठवडा बरा गेला. मग खोकला ओला झाला, खोल उतरला. ती पेन्सिल खाली ठेवायची, खोकून घ्यायची, परत पेन्सिल उचलायची. "सात अक्षरी, डोंगरातलं झाड," एवढेच विचारायची. मुलांनी झटावे, आणखी वर जावे, हे मी जन्मभर शिकवले होते. आता माझ्या स्वयंपाकघरात बसून एक मुलगी नापास व्हायचा अभ्यास करत होती आणि मी तिला चहा करून देत होते.

स्तामेंका दुपारी फाटकापाशी सूप आणून ठेवायची. आत यायची नाही. हात एप्रनच्या खिशात.

"खाल्लं का तिनं?"

"अर्धं."

"आवाज कुठून येतोय? वरून की खालून?"

"खालून."

"डावीकडून," ती म्हणायची. विचारायची नव्हे. घरी जाऊन दार लावून घ्यायची.

एका दुपारी मात्र ती आत आली. याग्लिकाचे ओठ निळसर झाले होते. स्तामेंकाने खुर्ची ओढली आणि मांडी पुढे केली.

"आई, परत जा."

"एकच बाजू. कोणाला कळणार नाही."

"नळीला कळेल."

स्तामेंका उठली. जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितले, ती मला या वयात झेपली नाही.

दोन दिवसांनी ताप चढला. न्यूमोनिया झाला, तालुक्याच्या दवाखान्यातून राजधानीत हलवले, तीन आठवडे ऑक्सिजन. तिथे फुंकर मोजली तेव्हा आकडा चौतीस आला. आयोगाने अर्ज मंजूर केला. तातडीने, असे कागदावर लिहिले होते.

गोळी खरोखर गुणकारी आहे. तिच्याविषयी वाईट बोलणे कृतघ्नपणाचे होईल. महिन्याभरात कफ पातळ झाला, याग्लिका जिना न थांबता चढू लागली, गालांवर मांस आले. वर्षअखेर ती शेहेचाळीस फुंकली. आयोगाने ही बारा अंकांची सुधारणा आपल्या वार्षिक अहवालात घेतली, नाव न घालता. त्रेचाळीसला गोळी मिळाली असती तर आज आकडा कुठे असता, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. न्यूमोनियात जळालेला फुप्फुसाचा भाग परत येत नाही, एवढे त्या म्हणाल्या. उरलेले गणित मी घरी केले, मग कागद चुलीत घातला. स्तामेंकाला ते दाखवले नाही. तिने ते कधीच करून ठेवले असावे.

नियम आता उलटा फिरला आहे. गोळी चालू राहायची तर दरवर्षी आकडा टिकला किंवा वाढला पाहिजे. घसरला तर "अपेक्षित लाभ नाही" म्हणून बंद. मी हे ऐकले तेव्हा बराच वेळ भांडी घासत राहिले, घासून झालेली.

"आता तरी वरच फुंकायचं ना?" स्तामेंकाने डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतले. "लेखी द्या. तुमचं काय सांगावं, वर्षाला खाली-वर बदलता."

याग्लिका आता नीश शहरात पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करते. रोजचे ठोकणे सुटल्यापासून स्तामेंका मोटारींच्या तारा बनवणाऱ्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. वर्षाची रजा ती एकदमच घेते, मुलीच्या तपासणीच्या आधीच्या पंधरवड्यात, आणि नीशच्या बसमध्ये बसते.