एकविसावा बार

"सोमाजी, एकवीस तोफा पाहिजेत," मॅनेजरसाहेब म्हणाले.

मी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून बिल्ले मोजत होते. मोजता मोजता थांबले. सोमाजी हा आमचा बारूदवाला, म्हणजे खाणीत सुरुंग भरून उडवणारा माणूस. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"तोफा कुठून आणू जी? आपल्याकडे बारूद आहे, तोफ नाई."

"अरे, तोफा म्हणजे बार. सोमवारी दिल्लीत नवे राष्ट्रपती शपथ घेणार. तिथे एकवीस तोफांची सलामी होते. त्याच टाइमाला इथे आपले एकवीस बार. भाऊसाहेब स्वतः येऊन राहिले."

सत्याहत्तरचा जुलै होता. तुमसर तालुक्यातली एका खासगी कंपनीची मँगनीजची छोटी खाण. आता ती बंद आहे, खड्ड्यात पाणी आहे आणि पाण्यात म्हशी. तेव्हा तिथे दीडशे माणसं कामाला होती. कंपनीच्या लीजची मुदत संपत आली होती आणि भाऊसाहेब हे आमच्या भागातले पुढारी, त्यांचं मुंबईत वजन होतं. त्यामुळे मॅनेजरसाहेबांना राष्ट्रपतींबद्दल एकाएकी फार आदर वाटू लागला होता.

सोमाजी म्हणाला, "पावसाचे दिस आहेत जी. भोकात पानी भरते, बत्ती ओली होते. पावसाळ्यात मी आठ-दहाच्या वर बार घेत नाई."

"मग काय, दिल्लीला कळवू, राष्ट्रपती हिवाळ्यात निवडा म्हणून?"

सोमाजीने टोपी पुन्हा घातली. या माणसाची दहाही बोटं शाबूत होती. त्याच्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नसतं. पण त्या सर्टिफिकेटावर कंपनीचा शिक्का नसल्यामुळे ते कोणी विचारात घेत नसे.

आता माझं काम सांगते. मी टाइम कीपर होते. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला मी नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा. वर आला की त्याने तो परत द्यायचा आणि मी तो फळीवरच्या खिळ्याला लावायचा. ज्या खिळ्याला बिल्ला नाही, तो माणूस खाली. फळी भरल्याशिवाय बार उडवायचे नाहीत आणि बार झाल्यावर 'खाण मोकळी' अशी सही झाल्याशिवाय बिल्ले वाटायचे नाहीत. एवढंच काम. अक्कल लागत नाही, फक्त मोजता यावं लागतं. साहेब लोकांच्या मते म्हणूनच ते बाईला दिलं होतं.

बार कसे उडतात तेही सांगते. खडकात भोकं पाडतात, त्यात बारूद ठासतात आणि प्रत्येक भोकातून एक बत्ती बाहेर काढतात. बत्ती म्हणजे आत दारू भरलेली काळी दोरी. टोक पेटवलं की ती सावकाश जळत आत पोचते. दरेक बत्ती आधीच्या बत्तीपेक्षा थोडी लांब कापतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मोजायचे अशासाठी, की जितके भरले तितके ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी पडला, तर तो आत जिवंत आहे असं धरायचं आणि अर्धा तास कोणी खाली पाय ठेवायचा नाही. ओली बत्ती कधी विझते, तर कधी आतल्या आत धुमसत राहते आणि मनात येईल तेव्हा पोचते. त्याला मिसफायर म्हणतात.

हे सगळं मॅनेजरसाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी त्यात परीक्षा दिली होती.

कार्यक्रम असा ठरला. आधी सलामी. मग लगेच भाऊसाहेब खाणीच्या तळाशी उतरतील. तिथे तीस रेजा, म्हणजे टोपलीने माल वाहणाऱ्या बाया, हातात कागदी झेंडे घेऊन रांगेत उभ्या राहतील. भाऊसाहेब ताज्या मालाची एक टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतील. तुमसरचा वार्ताहर फोटो काढील. रांग सरळ यावी म्हणून तळाशी चुन्याची रेघही मारून ठेवली. पुढे साडेअकराला भाऊसाहेबांचं भंडाऱ्यात झाड लावायचं होतं.

अडचण एकच होती. जुलै म्हणजे धानाची रोवणी, पऱ्हे म्हणजे रोपं उपटून बांधीत, म्हणजे शेतात, लावायचे दिवस. आमच्या निम्म्या रेजा चिखलात. तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, की सोमवारी येईल तिला दुपारून सुट्टी आणि हजेरी पूर्ण. तीसच्या तीस आल्या. धुतलेली लुगडी नेसून, वेण्या घालून आल्या. त्यांची मुखिया गिरजाबाई तर टिकली लावून आली होती.

"बाई, लवकर होईन ना वो हे? दुपारून माह्या बांधीत रोवणं आहे. पऱ्हे उपटून ठेवले मी."

"राष्ट्रपतींना विचारते," मी म्हटलं.

"आन फोटो सगळ्याइचा निंगते ना? का नुसत्या पुढच्या बायाइचा?"

गिरजाबाईचा तोवर जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. हे तिने त्या सकाळी मला तीनदा सांगितलं.

पाऊस थांबला होता. टाइम ऑफिसच्या खिडकीत साहेबांचा ट्रान्झिस्टर ठेवला होता. समोर खुर्च्या, खुर्चीवर भाऊसाहेब. साहेबांनी पेपरात छापलेला दिल्लीचा कार्यक्रम पाहून हिशेब बसवला होता. पहिली बत्ती पोचायला चार मिनिटं लागतात, म्हणून सलामीच्या आधी चार मिनिटं पेटवायची. हिशेब बिनचूक होता. फक्त दिल्लीवाल्यांना तो कळवलेला नव्हता.

मी फळी पाहिली. सोमाजी आणि त्याचे दोन मदतनीस सोडून सगळे खिळे भरलेले. लाल झेंडा लावला, शिटी दिली. ते तिघे बत्त्या पेटवून वर आले. त्यांचे बिल्लेही मी खिळ्याला लावले.

रेडिओवर निवेदक घोडेस्वारांच्या फेट्यांचं वर्णन करत होता.

"शपथ कधी आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"होईलच आता, साहेब."

पेटलेली बत्ती परत बोलावता येत नाही. निवेदक घोड्यांच्या रंगावर आला आणि आमचा पहिला बार उडाला. राष्ट्रपती अजून गाडीतून उतरायचे होते. आमच्या खाणीने त्या दिवशी जी सलामी दिली ती मोठ्या मानाने घोड्यांना दिली.

मी रजिस्टरवर काड्या मारत होते. चार उभ्या, पाचवी आडवी, की एक जुडी. सोमाजीची पद्धत वेगळी होती. जितके बार तितके खडे तो डाव्या खिशात ठेवी आणि दर आवाजाला एक खडा उजव्या खिशात टाकी. भाऊसाहेबांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. मॅनेजरसाहेब ट्रान्झिस्टर कानाला लावून दिल्लीची वाट पाहत होते.

आवाज थांबले. धूर वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या चार जुड्या झाल्या होत्या. पाचव्या जुडीची पहिली काडी नव्हती.

मी सोमाजीकडे पाहिलं. त्याने डाव्या खिशात हात घातला, बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर एक खडा होता.

"एक राहिला जी," तो म्हणाला.

"काय राहिला? एकवीस झाले," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"वीस झाले, साहेब," मी म्हटलं.

"दोन बार एकदम उडाले असतील."

"असतील. नसतीलही. अर्धा तास थांबू."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, भाऊसाहेबांना साडेअकराला भंडाऱ्याला पोचायचंय. आणि पेपरात काय देऊ? देशाच्या राष्ट्रपतींना वीस तोफांची सलामी? एक काय कापून घेतली आपण?"

भाऊसाहेब मागून आले. "अहो, मी स्वतः मोजले. एकवीस!"

कानांत बोटं घालून मोजण्याची विद्या मला अवगत नव्हती.

"चला, चला," साहेबांनी टाळी वाजवली. "बायांनो, खाली. मॅडम, बिल्ले द्या."

आता बाया माझ्या खिडकीशी आल्या. त्यांचे तीस बिल्ले मी फळी तपासून झाल्यावर एका लाकडी पेटीत वेगळे काढून ठेवले होते. मी पेटीला कुलूप लावलं, ती खिडकीतून काढून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. डौलदार दिसत नव्हते, पण माझा फोटो कोणाला काढायचा नव्हता.

"काहून अडवून राहिल्या बाई?" गिरजाबाई म्हणाली. "देऊन टाका ना. फोटो निंगला का आमी मोकळ्या."

"खाली एक बार जिवंत असेल तर कायमच्या मोकळ्या व्हाल."

"साहेब त म्हनतेत सप्पा उडाले."

"साहेब रेडिओ ऐकत होते."

मागून एक जण ओरडली, "पऱ्हे सुकून राहिले वो बाई! तुमाले नाई रोवणं, आमाले आहे!" दुसरी म्हणाली, "सोताचा फोटो नाई, म्हनून जळून राहिली." ज्यांच्यासाठी मी पेटीवर बसले होते, त्या तीसही जणी माझ्या विरुद्ध होत्या. याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायला माझ्याकडे वेगळा रकाना नव्हता.

मॅनेजरसाहेब खिडकीत वाकले. आवाज खाली आणला. "उठा. ही ऑर्डर आहे."

"उठते, साहेब. आधी हे भरून द्या." मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. बारांच्या रजिस्टरला तीन रकाने असतात. किती भरले, किती ऐकले, आणि सही. पहिल्या रकान्यात सोमाजीने सकाळीच एकवीस लिहून घेतले होते. "दुसऱ्यात एकवीस लिहा. तिसऱ्यात सही करा. मी लगेच बिल्ले वाटते."

साहेबांनी पेन काढलं. टोपण उघडलं. रकाना पाहिला. टोपण लावलं.

"म्हणजे... माझं लक्ष तेव्हा दिल्लीकडे होतं. मोजणं हे काही मॅनेजरचं काम नाही. भाऊसाहेबांनी मात्र मोजलेत."

मी रजिस्टर भाऊसाहेबांकडे फिरवलं.

"मी? मी तर पाहुणा माणूस. पाहुण्याची सही कशी चालेल?"

"चालेल की. साक्षीदार म्हणून."

"नाही, नाही. नियम म्हणजे नियम."

वार्ताहर शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो कॅमेरा पुसू लागला. "आम्ही फक्त छापतो, मॅडम."

एकवीस म्हणायला सगळे तयार होते. एकवीस लिहायला कोणीच नव्हतं. आणि हे बायांनी पाहिलं. गिरजाबाई लिहायला शिकली नव्हती, पण पेनाचं टोपण परत लागलेलं तिला बरोबर वाचता आलं. ती वळून बाकीच्यांना म्हणाली, "बसा वो. बसा खाली. कायतरी आहे."

बसल्या. वरच, चिंचेखाली.

मग वेळ काढायला भाऊसाहेबांनी भाषण सुरू केलं. रेडिओवर एव्हाना शपथ होऊन गेली होती, ती कोणी ऐकली नाही. दिल्लीच्या तोफाही होऊन गेल्या. वार्ताहराने वरच एक फोटो काढला, पुढे भाऊसाहेब, मागे बाया. भाऊसाहेब म्हणत होते की कामगार भगिनींच्या सुरक्षिततेला या देशात सर्वोच्च स्थान आहे, आणि तेवढ्यात खाली बार उडाला.

माझ्या घड्याळाप्रमाणे विसाव्या बारानंतर अठरा मिनिटांनी.

जमीन हलली. ट्रान्झिस्टर खिडकीतून पडला. वार्ताहर जीपमागे गेला आणि भाऊसाहेब, वजनदार माणूस असूनही, त्याच्या आधी तिथे पोचले होते. बाया जागच्या उठल्या नाहीत. गिरजाबाईने नुसता पदर तोंडाला लावला.

पहिले बोलले ते मॅनेजरसाहेब. टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो ना, एकवीस!"

आम्ही पुन्हा अर्धा तास थांबलो. मग सोमाजी एकटा खाली गेला आणि सगळं तपासून वर आला. चुन्याच्या रेघेवर तीन ठिकाणी दगड पडले होते, म्हणाला. एक रांजणाएवढा होता. कुठे, ते बायांनी विचारलं नाही. प्रत्येकीला रांगेतली आपली जागा सकाळीच नेमून दिली होती.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: भरले एकवीस, ऐकले वीस, अधिक एक अठरा मिनिटांनी. आता सह्यांना तोटा नव्हता. भाऊसाहेबांनी स्वतः पेन मागितलं आणि साक्षीदार म्हणून ठळक सही केली. झाडाचा मुहूर्त टळला होता, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. खाणीतून एकवीस तोफांची सलामी. आकडा बरोबर होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. त्याच आठवड्यात मला मेमो मिळाला, मान्यवर अतिथींसमोर अनुचित आसन ग्रहण केल्याबद्दल. उत्तरात मी कळवलं, की यापुढे पेटीवर गादी द्यावी. लीज पुढे वाढली. सोमाजीने तो खडा फेकून दिला, कारण बाकीचे वीस त्याला पुरत होते आणि एकविसाव्याची पुन्हा गरज पडू द्यायची नव्हती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कोणी मोठ्याने आकडा सांगितला की वाद घालत नाही. कागद पुढे करते. नव्या राष्ट्रपतींची शपथ असली की रेडिओ लावून सलामीच्या तोफाही मोजते. दर वेळी एकवीस भरतात. तिकडे बत्ती ओली होत नसावी.

गिरजाबाई पेपरचं ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली होती. फोटोत भाऊसाहेब पूर्ण होते. बाया कापल्या गेल्या होत्या. उजव्या कडेला एक कोपर तेवढं दिसत होतं, हिरव्या बांगड्यांचं.

"हे माहं आहे," ती म्हणाली. "मी ओळखलं बांगड्याइवरून. पन सप्पा फोटोत नुसतं कोपरच आलं वो बाई."

"शाबूत आहे ना?" मी विचारलं.

तिने कात्रण जवळ धरून पाहिलं. मग आपलं कोपर पाहिलं.

"हो," म्हणाली. "शाबूत त आहे."