तिसऱ्या पाळीची वाकळ

आमच्या शेजारच्या जाईबाईंना नव्या टॉवरमध्ये आल्यापासून एका जागी बसवत नाही. दाराच्या फटीत चप्पल अडकवून ठेवतात आणि लिफ्ट थांबली की डोकावतात. आतून मी निघालो की त्यांचं तोंड पडतं. मला वाईट वाटत नाही; आमच्या घरीही मला बघून असंच होतं.

वाट बघतात सासऱ्यांची. रामजी कधीच वारले, हा तपशील त्यांच्या लेखी किरकोळ.

टॉवरच्या आधी नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची एकच खोली. मिलमधले तिघे पुरुष, तीन पाळ्या. एक उठला की दुसरा त्याच वाकळीवर आडवा. वाकळ कधी गार पडली नाही. मिल बंद झाली, माणसं एकेक गेली, तरी ऊब तशीच. रोज सकाळी तिसरी पाळी संपवून रामजी येत आणि झोपत. मी एकदा चुकून वाकळीवर टेकलो, तर बरगडीत कोपर बसलं.

"मावशी, बुद्धविहारात जाता आणि घरात भूत पाळता?" मी विचारलं होतं.

"भुतंबितं आम्ही मानत नाही. थकलेला माणूस घरी येतो, झोपतो. त्यात भूत कुठं आलं रे मेल्या?"

टॉवरमध्ये मात्र रामजी फिरकेनात. नात अक्षता घराण्याच्या चार पिढ्यांवर कादंबरी लिहितेय, तीही अडली.

"काका, पणजोबा इमारतीखाली येऊन उभे आहेत. वर चढतच नाहीत."

"आले म्हणून लिहून टाक ना," मावशी म्हणाल्या.

"लिहिते गं. सकाळी बघते तर ती ओळ गायब."

मावशींनी वॉचमनला सासऱ्यांचं वर्णन सांगून ठेवलं. जुन्या चाळीपाशी जाऊन हाका मारून आल्या. जेवण सुटलं. "म्हातारा माणूस रस्त्यावर आणि मी सतराव्या मजल्यावर," एवढंच म्हणायच्या.

परवा सकाळी मी साखर मागायला गेलो. साखर म्हणजे बातमी, हे त्यांनाही ठाऊक. अक्षता वाकळीवर घोरत होती. इथं आल्याबरोबर तिला ऑफिसात रात्रीची शिफ्ट लागलेली.

मी म्हटलं, "पणजोबांची जागा पणतीनं बळकावली की."

मावशी थबकल्या. गॅसवर चहा उतू गेला, त्यांचं लक्ष नाही.

"तरीच. बाईमाणूस झोपलेलं बघून दारातूनच परत जात असतील. ऊठ गं."

"आजी, आत्ता डोळा लागलाय. मला बेडवर झोप लागत नाही."

"त्यांनाही लागत नाही. ते वयानं मोठे."

"मग मी काय करू?"

"शिफ्ट बदलून घे."

अक्षता उशी घेऊन पुटपुटत आत गेली. आम्ही दोघं रिकाम्या वाकळीकडे बघत उभे. बराच वेळ काही नाही. मी जांभई दिली. मावशींनी डोळे वटारले.

मग वाकळ मधोमध दबली. रामजींचे पाय उघडे राहिले असावेत. मावशींनी वाकून वाकळीचा कोपरा ओढला, ते झाकले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी दंड धरून मला बाहेर काढलं. "संध्याकाळी ये. आत्ता घरात माणूस झोपलाय."