तांब्या ज्याच्या हाती

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, देवऋषी, अंगात येणं, यातलं मला काही पटत नाही. उलट मी जरा जास्तच संशयी. मेसच्या आमटीत डाळ आहे की नुसतंच पिवळं पाणी, हे ढवळून बघितल्याशिवाय मी घास घेत नसे. पोरं मला 'सीआयडी' म्हणत. तेव्हा हे वाचून तुम्ही माझ्यावरच संशय घेतलात तरी राग नाही. मी स्वतः अजून घेतोच आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात सात रस्त्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आमचं कॉलेजचं हॉस्टेल होतं. रेक्टर सर महाकडक. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला फाटकातच 'आ' करायला लावून वास घ्यायचे. दारूचा वास आला की त्याच संध्याकाळी वळकटी रस्त्यावर.

पण पोरांचा आपला एक वेगळा नियम होता... पार्टीत एकानं कोरडं राहायचं. पाण्याचा तांब्या त्याच्या हाती. कुणाला किती, कुणाला पुरे, हे तो ठरवणार आणि तांब्यावाल्याचा शब्द कुणीही मोडायचा नाही. हा तांब्या बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडे, कारण दारूत काय कालवलं असेल या शंकेनं मी पेल्याला तोंडच लावत नसे.

त्या हिवाळ्यात दत्तानं हुरड्याला बोलावलं. दत्ता माझा रूम पार्टनर. टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांची शेती, घरी मेंढरं, आणि घराण्यातून कॉलेजात आलेला हा पहिलाच. शेतावरच मुक्काम करायचा आणि तोंडाचा वास गेल्यावर परतायचं, असा बेत. आमच्यातला सीनियर नाना कुठून तरी हातभट्टी घेऊन आला होता, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून. दत्तानं तोवर कधी थेंब घेतला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाला, "आज मी बी घेनार हाय." मला ते अजिबात आवडलं नाही. हा पकडला गेला तर घरचे त्याला थेट मेंढरांमागं पाठवतील, हे मला ठाऊक होतं.

आगटी पेटली, कणसं भाजायला पडली आणि दही आणायचं राहिलं हे लक्षात आलं. दत्ताच्या चुलतीची वस्ती ओढ्यापलीकडे होती. दुसरं भांडं नव्हतं, म्हणून तांब्या घेऊन मीच निघालो. मी येईपर्यंत ट्यूब सोडायची नाही, असं बजावून गेलो. चुलतीनं चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही. मग तांब्यात दही घालून वर एरंडाचं पान बांधून दिलं. चांगला वेळ गेला.

परत आलो तर सगळे आगटीकडे तोंड करून बसलेले. अर्धा हुरडा तसाच पडलेला. नाना माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"आता दही कशाला आनलंस?" दत्ता म्हणाला. "सगळी वतून गेलास की."

मला वाटलं, थट्टा चाललीय. मग वाटलं, हे सगळी पिऊन बसलेत आणि आता नाटक करतायत! मी एकेकाला रेक्टरसारखं 'आ' करायला लावलं. हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी, याशिवाय कशाचा वास नाही. ट्यूब रिकामी. तिच्याखालची माती ओली, आणि तिथून भपकारा येत होता.

त्यांचं म्हणणं एकच. मी ओढ्याकडून आलो, तांब्या खाली ठेवला, एक शब्द न बोलता ट्यूब मातीत रिकामी केली आणि परत निघून गेलो. नानानं का अडवलं नाही, असं मी विचारलं. "हातात तांब्या होता ना तुझ्या," तो चिडून म्हणाला.

ओल्या मातीत तांब्याच्या बुडाचा गोल उमटला होता. त्यावर मी माझा तांब्या टेकवून पाहिला. बरोबर बसला. पण तांब्यासारखे तांबे गावोगाव असतात, असं मी मनाला समजावलं.

सोलापुरात परतल्यावर कळलं, त्याच भट्टीची त्याच दिवशी प्यायलेले दोन गडी गेले आणि एकाचे डोळे गेले. नाना माझ्या खोलीत आला. आभार मानायला आला असेल असं मला वाटलं... दार लावून घेत त्यानं विचारलं, "तुला आधीच कसं माहीत होतं?" मी तिथे नव्हतोच, हे त्याला पटलं नाही. भट्टीवाल्याशी माझी ओळख आहे, असं तो पुढे सगळ्यांना सांगत राहिला. ते फार लागलं मला. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आणि जे केलंच नाही त्यासाठी माझ्याकडेच बोट.

शेवटी दत्ताला म्हटलं, तुझ्या चुलतीला विचार. त्यानं विचारलं. ती म्हणाली, "व्हय की, हितंच हुता. लई येळ बसला, च्या पिऊन गेला." ते मला सांगताना दत्ताचा चेहरा उतरला होता. त्यानंतर तो विषय त्यानं कधीच काढला नाही.

दत्ता पुढे मास्तर झाला, आता निवृत्त आहे. सगळे तर्क करून झाले. कुणीतरी माझ्यासारखा दिसणारा? तो त्याच वेळी, तांब्या घेऊन, तिथे कशाला येईल?

दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत दत्ता माझ्याकडे गाठोडी पाठवतो. एक नाही, दोन. एकावर माझं नाव असतं, दुसरं कोरंच. दुसरं कुणाचं, ते तो सांगत नाही. आणि मी, आमटी ढवळून बघणारा माणूस, ते गाठोडं आजवर कधी उघडलेलं नाही. तसंच बांधलेलं कुणाला तरी देऊन टाकतो.